पाण्याला उठणाऱ्यांची रेघ

अक्का,

मे महिन्याचा तिसरा शनिवार. आमच्या डाळमिलला सुट्टी होती. सकाळी मी बाजारातून आठ किलो केशर आंबे आणले, नऊशे साठ रुपये दिले, आणि तू पिशवीत डोकावून म्हणालीस, "यातले दोन नरम निघतील बघ." दुपारी जेवणं झाल्यावर तू मागच्या खोलीत कूलरसमोर बसलीस, भिंतीला पाठ लावून. तुझ्यासमोर पाच मुलं होती. माझी तन्वी आणि ओम, तुझी नात ईशू, आणि शेजारच्या शेखभाईंची दोघं. सुनंदा स्वयंपाकघरात रस काढत होती. मी पुढच्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन आडवा झालो होतो. हजर माणसं एवढी. एवढ्या माणसांत तू गेलीस आणि कुणाला कळलं नाही.

हे वाक्य लिहून मी पुन्हा वाचलं. बरोबर आहे. तरी पटत नाही.

पेपरात तुझ्याबद्दल आलं. फोटो जुना होता आणि पुस्तकांच्या आकड्यात एक पुस्तक कमी होतं. मी फोन उचलला होता, दुरुस्ती छापा म्हणून सांगायला. नंबर लावताना एकदम वाटलं, आधी अक्काला विचारू, तिला चालेल का. तसाच फोन हातात धरून बसलो. सुनंदाने विचारलं, "कुणाला लावताय?" मी फोन खाली ठेवला.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. म्हणजे या वर्षी तू मुक्कामाला यायला आणि आत्ता हे लिहायला फारसं अंतर नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी मी नेहमीसारखा मुऱ्हाळी होऊन धुळ्याला आलो. पन्नाशीचा मुऱ्हाळी, डोक्यावर टोपी, हातात सांजोऱ्यांचा डबा, आणि साठी उलटलेल्या बहिणीला माहेरी न्यायला आलेला. दाजी दारातच म्हणाले, "या मुनीमजी. न्या तुमची लेखिका. इथं वर्षभर पेनाला हात लावत नाही आणि तुमच्याकडे जाऊन पुस्तक करते. आमच्या घरात असं काय कमी आहे?"

तू पिशवीची चेन लावता लावता म्हणालीस, "तुमच्या घरात मी सासूबाई आहे हो. सासूबाईला गोष्टी सुचत नाहीत."

दाजी हसले. बसमध्ये बसल्यावर तू मला म्हणालीस की ते वाक्य तू गमतीने बोलली नव्हतीस. मी म्हटलं, मला माहीत आहे. तेवढंच बोलणं झालं. मधल्या सीटवर ईशू तुझ्या मांडीवर पाय टाकून झोपली होती. तिच्या आईवडिलांनी, नितीन आणि मीनलने, तिला पहिल्यांदाच आजीबरोबर सबंध सुट्टीभर सोडलं होतं.

तुझ्या सुट्टीतल्या दिवसाचं वेळापत्रक मला पाठ आहे, कारण ते माझ्या घराचंही वेळापत्रक व्हायचं. सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर बिबड्या. सुनंदा ज्वारीचं शिजवलेलं पीठ पळीने ओतायची, तू कापडावर पसरायचीस आणि तोंडाने गोष्ट जुळवत राहायचीस. हाताकडे तुझं लक्ष कधीच नव्हतं.

"अक्का, ही बघा तुमची बिबडी," सुनंदा म्हणायची. "नकाशा झालाय हिचा."

"धुळे जिल्ह्याचा आहे. तळून खाऊ."

"आणि ही?"

"हा जळगाव. हा भाऊला वाढ. चुका शोधत खाईल."

मग नऊच्या सुमाराला सगळे खाली. मुलांच्या आंघोळी, भांडणं, शेखभाईंच्या पोरांचं "आपा, आज कहानी है ना?" असं दारातून विचारणं. दुपारी गोष्ट. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सुनंदा एका टोकाला भाजी निवडत असे आणि दुसऱ्या टोकाला तू लिहीत असायचीस. लसूण सोलायला मागितला तर तू लसूणही सोलायचीस, वाक्य संपवून. लोकांना वाटतं लेखिकेला खोली लागते. तुला टेबलाचं अर्धं टोक पुरलं. मला आता त्या टोकाला ताट ठेवता येत नाही. सुनंदाने दोनदा तिथं पाणी मांडलं, दोनदा मी उचलून इकडे घेतलं. 

आपलं भांडण त्या दुपारच्या गोष्टीवरून होतं. ते अर्धवट राहिलं, म्हणून ते इथं लिहितो.

तुझी पद्धत अशी. गोष्ट आधी लिहायची नाही, सांगायची. सांगताना शाळेत शिकवायच्या जुन्या सवयीने हातात खडू. गोष्ट चालू असताना एखादं पोर पाणी प्यायला उठलं की तू न थांबता बाजूच्या फरशीवर एक रेघ ओढायचीस. संध्याकाळी लिहायला बसलीस की जिथं रेघ पडली होती तो भाग गाळायचा. मधेच तू मुद्दाम थांबायचीस, ऐन मोक्यावर, डोळे मिटून. तेव्हा मुलांनी हलायचं नाही, "मग?" विचारायचं नाही. हा खेळाचा नियम. त्या थांबण्यात कुणी उठलं तर तो प्रसंगच गेला. तू म्हणायचीस, "पोरगं तोंडदेखलं छान म्हणत नाही. त्याला कंटाळा आला की त्याला तहान लागते. गोष्ट चांगली असेल तर तहान घाबरून बसते."

मी म्हणायचो, "अक्का, बाहेर चव्वेचाळीस आहे."

"असू दे."

"चव्वेचाळीसमध्ये माणसाला तहान लागते. त्याचा गोष्टीशी संबंध नाही. तू ऊन मोजतेस आणि गोष्ट गाळतेस. हाच प्रयोग दिवाळीत कर, रेघा निम्म्या होतील."

"दिवाळीत मी सासरी असते."

"मग निदान माठ खोलीत ठेव. उठायची गरजच नको."

एका वर्षी मी ते करूनच टाकलं. तू आंघोळीला गेली असताना मागच्या पडवीतला माठ उचलून खोलीत, मुलांच्या हाताशी नेऊन ठेवला. तू आलीस, बघितलंस, आणि अशी चिडलीस की मी लहान झालो. "तुमच्या मिलमधला वजनाचा काटा कुणी उचलून नेला तर तू काय करशील? हा माझा काटा आहे. तुले काय समजस?" आपण दोघं घरात प्रमाण मराठी बोलायचो, मुलांसाठी. चिडलीस की आईची भाषा यायची. मी माठ परत नेला. सुनंदा म्हणाली, "बहीणभावाचं झालं असेल तर मला पाणी भरू द्या."

आणि कलिंगडाची वाडी. ती तू गाळलीस, याचा मला अजून राग आहे, आणि हे मी तुला कधी बोललो नाही. गिरणेच्या पात्रात वाळूत लावलेली कलिंगडं, पहाटे ती गार असतात, म्हातारा राखणदार एक फोडतो आणि हाताने मधला लाल गर काढून पोरांना देतो, त्याचा रस कोपरापर्यंत ओघळतो. मी पुढच्या खोलीतून ऐकत होतो. पेपर तोंडावर तसाच होता. तू ते इतकं सांगितलंस की मला उठून पाणी प्यावं लागलं. आत तर तीन पोरं एकदम उठली. तू तीन रेघा ओढल्यास आणि संध्याकाळी अख्खी वाडी उडवलीस. मी म्हटलं, "अगं, कलिंगड ऐकून तहान लागणारच." तू म्हणालीस, "नियम म्हणजे नियम. तूच म्हणतोस ना, एकाला सूट दिली की हिशेब बिघडतो."  खरं उत्तर एवढंच होतं की ते छान होतं. पण आपल्यात छान म्हणायची पद्धत नव्हती. मी तुझ्या पुस्तकांतल्या चुका काढायचो. बैलाचं वय, बसचं भाडं, पौर्णिमेनंतर किती दिवसांनी चंद्र किती वाजता उगवतो. तू प्रत्येक पुस्तकाच्या आधी मला छळून विचारायचीस आणि नंतर निम्मं ऐकायचीस.

या वर्षीची गोष्ट आमच्या मिलची होती, म्हणून मी जरा ऐटीत होतो. डाळमिलमध्ये उंदरांसाठी नेमलेली एक मांजर. तिला रोज एक वाटी दूध पगार. तू मला विचारलंस, पोत्यांची थप्पी कशी लावतात, उंदीर कुठून शिरतात, तूरडाळ आधी खातात की हरभरा. मी सगळं सांगितलं. मांजरीची हजेरी कोण मांडतो, असं विचारलंस तेव्हा मी म्हटलं की मांजरीची हजेरी नसते. तू म्हणालीस, "म्हणूनच तर गोष्ट आहे." आठवडाभर मुलं त्या मांजरीत बुडाली होती. ओम तर गादीवरून म्याव करून दूध मागायचा.

तर तो शनिवार. मी पुढच्या खोलीतून ऐकत होतो. मांजर मालकासमोर जाऊन बसली. म्हणाली, सगळ्यांना सुट्टी असते, मला पण पाहिजे. मालकाने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "सुट्टी? किती दिवसांची?"

आणि तू थांबलीस.

कूलरचा आवाज येत होता. बाकी काही नाही. पाच पोरांच्या खोलीतून दुपारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी सुनंदाला म्हटलं, "आज रंगली दिसते."

ती म्हणाली, "मग जा की आत. बाहेरून काय कान लावता दरवर्षी?"

मी गेलो नाही. मला बरं वाटत होतं, अक्का. तू थांबलीस आणि पोरं टिकली, आमच्या मिलवरची गोष्ट पास झाली, असं मला वाटत होतं. मग तन्वीचा आवाज आला, "आत्या." हळू. नियम मोडायला ती घाबरत होती. मग पुन्हा, "आत्या." मग, "पप्पा."

तुझे डोळे मिटलेले होते, नेहमीसारखे. खडू हातात होता.

गल्लीच्या टोकाचे डॉक्टर धावत आले. सगळं बघून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बसल्या जागी गेलं. हृदय एकदम थांबलं. वेळ मिळालाच नाही." मी विचारलं, "म्हणजे किती मिनिटं?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा विचारलं, "ती बोलायची थांबली, त्यानंतर आम्ही लगेच आत गेलो असतो तर?" ते म्हणाले, "साहेब, त्या थांबल्या नाहीत. बोलता बोलता गेल्या. तुम्ही शेजारी बसला असतात तरी काही करता आलं नसतं." मी त्यांच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं. मला ते पक्कं करून हवं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं की ते माझ्यापेक्षा दुसऱ्याच कुणाला लागणार आहे.

तुला धुळ्याला नेलं. माहेरी गेलेली बाई, पण क्रियाकर्म सासरचं. मी मागच्या गाडीत होतो. दाजी दारात उभे होते. आखाजीआधी तुला ज्या दारातून मी घेऊन आलो त्याच दारात त्यांनी मला विचारलं, "मुनीमजी, चांगली होती ना हो? काल फोनवर तर चांगली होती." मी म्हटलं, "आज सकाळीही चांगली होती. आंब्यांत दोन नरम निघतील म्हणाली." ते म्हणाले, "निघाले का?" मी म्हटलं, "अजून बघितलं नाही." आम्ही दोघं शहाणीसुरती माणसं, आणि तुला ओट्यावर ठेवलेलं असताना आंब्यांबद्दल बोलत होतो. 

आता ईशूचं सांगतो, कारण त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

ती पाणी पिईना. हे आधी मीनलच्या लक्षात आलं. घरात माणसांचा राबता, कोण काय खातंय कुणाला भान. पण पोरगी ग्लास पुढे केला की तोंड फिरवायची. दूध घ्यायची थोडं, कलिंगडाची फोड खायची. पाणी नाही. मीनलने रागावून बघितलं, नितीनने पैसे देऊ केले, एका मावशीने नजर काढली. तिच्या पुण्याच्या काकाने "काय गं, उंटीण झालीस का?" म्हणून चेष्टा केली तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन बसली. धुळ्याचं ऊन तुला सांगायला नको. पाचव्या दिवशी ती अंगणात भोवळ येऊन खाली बसली. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. तिथले डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे, पोट चांगलं आहे, हे मनाचं दिसतं, पण या दिवसांत मनाचं आहे म्हणून सोडून चालणार नाही. पुन्हा असं झालं तर भरती करा.

दाजी तिच्या खाटेशी बसून होते. मला म्हणाले, "ती गेली, आता ही."

मी म्हटलं, "असं बोलू नका."

"मग काय बोलू? सात वर्षांच्या पोरीला पाणी पी म्हणून सांगता येत नाही मला. तिने सांगितलं असतं एका मिनिटात. काहीतरी रचून सांगितलं असतं."

हे खरं होतं, अक्का. तू काहीतरी रचलं असतंस. माठातल्या बेडकाचं किंवा ढगाच्या खिशाचं. त्या घरात रचता येणारं माणूस एकच होतं.

तेराव्यानंतर नितीन म्हणाला, "मामा, तुम्ही हिला जळगावला घेऊन जाता का? तिथं तन्वी आहे, ओम आहे. इथं नुसत्या रडणाऱ्या बायका." मीनलचा जीव होत नव्हता. तिने ईशूच्या पाठीवर पाण्याची मोठी बाटली अडकवली आणि मला दाराआड नेऊन म्हणाली, "मामा, वाटेत निदान अर्धी संपव म्हणा. तुम्ही म्हटलं तर ऐकेल." मी हो म्हटलं. माझं कोण ऐकतं ते तुला माहीत आहे.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी बाटलीचं नावही काढलं नाही. मला गोष्ट येत नाही, गाणं येत नाही. मी तिला किलोमीटरचे दगड वाचायला सांगितले. तिने थोडे वाचले आणि मग खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. ओठ सुकून पांढरे झालेले. मला मनात आकडेच दिसत होते. किती वाजले, अजून किती अंतर, मधे दवाखाना कुठे.

पारोळ्याला बस थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. मी तिला खाली उतरवलं. स्टँडच्या कडेला एक रसवंती होती, चरकाला घुंगरू बांधलेली, एक बाई ऊस घालत होत्या. आत बाकड्यावर सावली होती म्हणून बसलो. मी दोन ग्लास रस सांगितला, एक माझ्यासाठी, दुसरा असाच तिच्यापुढे ठेवायला.

ती ग्लासकडे बघत नव्हती. म्हणाली, "मामाआबा, आजीने माझी रेघ काढली नाही."

"कसली रेघ?"

"मी उठले होते ना. त्या दिवशी. आजी थांबली तेव्हा मी पाण्याला उठले."

 घुंगरांचा आवाज चालू होता.

"तन्वीताईने माझ्याकडे डोळे मोठे केले. मी परत येऊन बसले तरी आजीने रेघ काढली नाही. मला वाटलं, आता काढेल. मग काढेल. मग ताईने हाक मारली."

"हे आईला सांगितलंस?"

तिने नाही अशी मान हलवली. "माझ्यामुळे आजीची गोष्ट बिघडली. आजी चिडली आणि मग..." ती थांबली. तुझ्यासारखी, डोळे मिटून.

अक्का, तेरा दिवस ही पोर हे घेऊन फिरत होती. तुझा नियम, तुझी रेघ, तुझा काटा. आणि मला रचता येत नाही. मला एवढंच येतं की एखादं बिल जुळत नसेल तर सुरुवातीपासून एकेक रकम विचारत जायची. मी तेच केलं.

"त्या दिवशी सकाळी काय काय खाल्लं होतंस?"

"बिबडीचं पीठ."

"किती?"

"दोन वाट्या. आजीने दिलं. तिखट होतं."

"अजून?"

"कैरी. मीठ लावून."

"जेवणात?"

"भाकरी. आणि भजी."

"मग तहान लागली."

"खूप लागली."

"आणि गोष्ट? कंटाळा आला होता?"

तिने डोळे उघडले. चिडली होती. "नाही. मांजरीला किती दिवस सुट्टी मिळते ते मला ऐकायचं होतं. म्हणून मी पळत गेले आणि पळत आले. ग्लास पण विसळला नाही."

"मग ऐक. तुझ्या आजीचं एक चुकत होतं."

"आजीचं नाही चुकत."

"चुकत होतं. मी तिच्या तोंडावर सांगितलंय, दर उन्हाळ्यात. तिला वाटायचं, पोरं कंटाळली की पाण्याला उठतात. मी म्हणायचो, तहान लागली की उठतात."

"मग आजी काय म्हणायची?"

"म्हणायची, तुले काय समजस."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "मग तुम्ही हरले?"

"निकाल लागला नव्हता. आता तू सांग. तू कशाला उठलीस?"

तिने विचार केला. खरंच विचार केला, भुवया जवळ आणून. "तहान लागली म्हणून."

"मग निकाल लागला."

जिंकलो, अक्का. इतक्या वर्षांनी, पारोळ्याच्या स्टँडवर, सात वर्षांच्या साक्षीदाराच्या जबाबावर. मी आपोआप उजवीकडे बघितलं, तू काय म्हणतेस ते ऐकायला. तिथं एक माणूस विडी ओढत होता. तू उलटून काही बोलणार नाहीस, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळलं. ओट्यावर कळलं नव्हतं, तेराव्याला कळलं नव्हतं. तू असतीस तर तीन मिनिटांत मला गप्प केलं असतंस, आणि कलिंगडाच्या वाडीसकट सगळं गाळलेलं पुन्हा माझ्याच गळ्यात मारलं असतंस. मला हरायला आवडलं असतं.

ईशू अजून माझ्याकडे बघत होती. तिची शंका अर्धीच मिटली होती. म्हणाली, "पण मी उठले आणि आजी गेली."

"उलट," मी म्हटलं. "हे मी डॉक्टरांना विचारलंय. दोनदा विचारलंय. आजी थांबली नव्हती. बोलता बोलता गेली. तू उठलीस ती त्याच्यानंतर."

"आधी आजी?"

"आधी आजी. मग तू."

"नक्की?"

"मी कधी चुकीचा आकडा सांगतो का?"

"आजी म्हणायची, तुम्ही फक्त आकडेच बरोबर सांगता."

"बरोबर म्हणायची."

 मग तिने रसाचा ग्लास ओढला आणि प्यायला सुरुवात केली, आधी ओठ लावून, मग श्वास न घेता. मी बाईंना बोटाने अजून एक म्हणून खूण केली. तोही तिने संपवला. हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "फार गोड आहे. पाणी?"

पाठीवरच्या बाटलीतलं पाणी उकळल्यासारखं झालं होतं. रसवंतीच्या कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेला माठ होता. मी उठायला लागलो तर ती म्हणाली, "मी जाते." आणि उठली, चालत गेली, डाव बुडवला, उभ्याने प्यायली, पुन्हा बुडवला. परत येताना पळत आली नाही.

तुला सांगायचं होतं ते एवढंच. मांजरीला किती दिवस सुट्टी मिळाली ते कुणालाच माहीत नाही. ओम रोज विचारतो, आणि मी त्याला मला माहीत नाही असंच सांगतो. बाकी ईशूसकट सगळी पोरं पाणी पितात, भांडतात, दुपारी मागच्या खोलीत झोपतात. फरशी सुनंदाने पुसली आहे.

तिकडे पारोळ्याला ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी बाईंना विचारलं किती झाले. तीन ग्लासांचे साठ, त्या म्हणाल्या. मी विचारलं, पाण्याचे? त्यांनी माझ्याकडे, मी कुठल्या गावचा आहे, अशा नजरेने बघितलं. "पानीना पैसा कोन लेस, भाऊ?"

साठ रुपये मोजून त्यांच्या हातात दिले.